टॉवेलावर दगड

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते आणि यात्रेचा तमाशा ठरवायला नारायणगावला जायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा मंडळांच्या राहुट्या लागतात. कापडी तंबू, पुढे रंगीत फलक, आत एक टेबल आणि टेबलामागे मॅनेजर. गावोगावची माणसं येतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन, म्हणजे तमाशा पक्का करून, परत जातात. हे सगळं भर उन्हात चालतं. रात्री काय बघायचं ते दिवसा जाऊन ठरवायचं, ही आमच्याकडची रीत. जपानमध्ये मी जे केलं ते या रीतीमुळे केलं, म्हणून आधी ती सांगितली.

आमची थोरली मुलगी जपानातल्या फुकुओका शहरात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात काम करते. नर्सिंग पुण्यात शिकली, परीक्षेपुरती भाषाही तिथेच शिकली, पण बोलायची भाषा तिने त्या निवासातल्या आजी-आजोबांकडून उचलली. त्यामुळे ती बोलायला लागली की दुकानातल्या तरुण पोरी तोंडावर हात धरून हसतात म्हणे. एखादी गोरी मुलगी आपल्याला "काय पावणं, बरं हाय का" म्हणाली तर आपण जसे हसू, तसं.

दिवाळीनंतर तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी तसा कशानेही अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. कांद्याची रोपं धाकट्या भावाच्या अंगावर टाकून आलो, याचं मुंबईच्या विमानतळापासूनच मनाला लागून राहिलं होतं. विमानात बायकोला खिडकीची जागा मिळाली नाही, त्याचं वाईट वाटलं. मिळाली असती, तर तिच्यामुळे शेजारच्या माणसाला सारखं उठावं लागलं, याचं वाटलं असतं. बायको म्हणाली, "तुमी निस्तं बसा. विमान तुमी चालवत न्हाई."

मुलीची ड्यूटी असायची. आमचे दिवस तिच्या खोलीत, जवळच्या बागेत आणि समुद्रावर गेले. परतायचे दिवस जवळ आले तेव्हा तिला एक संध्याकाळ मोकळी मिळाली. रात्री जेवताना तिने आईला विचारलं, "आई, तुला काय बघायचंय ते सांग. मंदिर, मॉल, काहीही."

बायको भाताची पेज ओतता ओतता म्हणाली, "मला रातच्याला जत्रा बघायचीय. पण बसून."

"बसून म्हणजे?"

"बसून म्हंजी बसून. आपल्याकडं यात्रंला मी कवा बसलीये? सांजच्यापारनं पावण्यांची ताटं वाढायची. ह्ये तुझे पप्पा दुपारीच टॉवेल टाकून पुढची जागा धरून येत्यात. मी आपली मोरीत भांडी घासत ढोलकी ऐकते. ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. आता गण झाला, आता गवळण आली, आता बतावणी. दिसलं मात्र कवाच न्हाई."

ती हे हसत हसत म्हणाली. आमच्या गावात बायका तमाशा बघतच नाहीत असं नाही. पाटाच्या बांधावरून, ट्रॉलीत उभ्या राहून, कुणाच्या तरी गच्चीवरून घटकाभर बघतात. पण ज्या घरी पावणे जास्त, तिथल्या बाईला तेवढंही जमत नाही. आणि यात्रा कमिटीतल्या माणसाच्या घरी पावणे जास्तच असतात. ती हसत होती म्हणून मीही हसलो, आणि मग ताटात बघत बसलो.

मुलगी म्हणाली, "तमाशा नाही, पण इथे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला खाण्याचे गाडे लागतात. बाकडी, कंदील, वाफ, गप्पा. जत्राच म्हण ना. यताई म्हणतात त्याला."

"ये ताई?"

"यताई, आई."

"तेच की. ये ताई, बस ताई. नाव तर लई चांगलं हाय."

मग मुलीने समजावून सांगितलं की असे गाडे शहरात तीन भागांत लागतात. नाकासू हा नदीकाठचा भाग. सगळ्यात जास्त झगमगाट तिथे, बार तिथे, परगावची गर्दीही तिथेच. तेंजिन म्हणजे ऑफिसं आणि दुकानांचा भाग. काम सुटल्यावर माणसं घरी जाण्याआधी तिथे टेकतात. आणि नागाहामा मासळीबाजाराच्या बाजूला. तिथे आता थोडेच गाडे उरलेत, पण निवांत असतं. "एका संध्याकाळी एकच भाग होईल. मी ड्यूटीवरून थेट येईन. कुठला ते तुम्ही ठरवून ठेवा. पप्पांना निवडायची सवय आहेच."

"सकाळी जाऊन बघून येतो," मी म्हणालो.

"पप्पा, सकाळी तिथे काहीच नसतं. गाडे रोज रात्री ओढून नेतात, संध्याकाळी पुन्हा आणतात."

"अगं, तमाशा तरी सकाळी कुठं असतो? ठरवायचं सकाळीच."

मुलीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जाऊ दे. त्यांना राहुटी बघितल्याबिगर झोप यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेल्यावर आम्ही दोघं निघालो. खांद्यावर माझा नेहमीचा टॉवेल होता, नारायणगावच्या आठवडे बाजारातला, निळ्या पट्ट्यांचा. मुलीने फोनमध्ये तिन्ही ठिकाणं टाकून दिली होती. चालताना माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी राहुट्यांवर गेलो, पण बायकोला बरोबर घेऊन असं काही ठरवायला कधी गेलो नव्हतो. ती मात्र बाजाराला निघाल्यासारखी पिशवी घेऊन माझ्यापुढे चालत होती.

नाकासूला नदी छान होती. पण रस्ता आपल्याकडे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदान असतं तसा पडला होता. हिरव्या जाळीखाली कचऱ्याच्या पिशव्या, जाळीला टोचे मारणारे कावळे, एक माणूस पाइपने फरशी धूत होता. दिवे बंद, पण फलक तसेच होते. एकेका इमारतीवर वरपासून खालपर्यंत फलकच फलक, काहींवर सजलेल्या बायकांचे मोठे फोटो. मी राहुटीवरच्या सवयीने एकेक फलक नीट बघायला लागलो.

"लई निरखून बघताय," मागून आवाज आला. "सुपारी द्यायचीय का?"

"मी अक्षर बघतोय."

"जपानी अक्षर?"

मी पुढे चालू लागलो. खरं सांगायचं तर मला नाकासू आवडलं होतं. फलक मोठे म्हणजे फड मोठा, असं मन आपोआप म्हणतं. पण राहुटीवर मी फक्त फलक बघत नाही. मॅनेजर सरळ बोलतो का बघतो, बाहेर उभ्या असलेल्या गाडीची अवस्था बघतो, आदल्या वर्षी ज्यांनी नेला त्या गावच्या माणसांना चहाच्या टपरीवर गाठून विचारतो. इथे ना मॅनेजर, ना गाडी. विचारायचं तर कावळ्यांना.

नागाहामाला बसने गेलो. समुद्राकडून वारा येत होता, त्याला मासळीचा वास होता. रुंद, रिकामा फुटपाथ. त्याच्या एका टोकाला उभी राहून बायको म्हणाली, "हितं यात्रा झालीये का व्हायचीय?" मी फोन उलटासुलटा करून बघितला. जागा तीच होती. बघायला म्हणून काही नव्हतं, तरी मी फुटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो. रीत पुरी केल्यासारखं वाटलं.

परत येताना तेंजिनला उतरलो. उंच इमारती, भराभर चालणारी माणसं. मुलीने पाठवलेल्या एका फोटोत गाड्यामागे एक झाड आणि विजेची पेटी दिसत होती. ते झाड आणि ती पेटी आम्हाला सापडली. झाडाभोवती दगडी कठडा होता, त्यात झुडपं आणि काळे गुळगुळीत दगड. फुटपाथ इथेही मोकळाच होता. मी पुन्हा चौकशीला लागणार तेवढ्यात बायको त्या कठड्यावर बसली. चपला काढून तळपाय एकमेकांवर घासले आणि म्हणाली, "हितं बरं हाय."

"का?"

"का म्हंजी? बसायला जागा हाय."

"अगं, पण अजून काही बघितलंच नाही. गाडा कसा आहे, माणूस कसा आहे..."

"तुमचं बघून झालं की मला सांगा. मी तवर बसते."

एवढ्यावर तेंजिन पक्कं झालं. इतक्या वर्षांत मी ठरवलेल्या कुठल्याही तमाशापेक्षा हा निर्णय लवकर झाला.

मग ती समोरच्या दुकानात बाथरूम शोधायला गेली आणि मी एकटा राहिलो. मला तिचं आदल्या रात्रीचं बोलणं आठवत होतं. बसून बघायचंय. संध्याकाळी इथे गर्दी झाली, बाकडं भरून गेलं आणि हिला पुन्हा उभंच राहावं लागलं तर? जागा कशी धरायची ते तर मला येतंच. मी इकडे तिकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फोटोत बाकड्याचं टोक जिथे होतं त्या फरशीवर अंथरला. वारा होता, म्हणून कठड्यातला एक काळा दगड उचलून त्यावर ठेवला. आमच्या मैदानावर एवढं केलं की सरपंचाचा पावणासुद्धा तिथे बसत नाही.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही तिथे मी टॉवेल टाकून आलो होतो. शिवाय दुसऱ्याच्या झाडाखालचा दगड उचलला होता. कुणी झाडून नेला असेल का? पोलिसांनी? कॅमेऱ्यात मी दिसत असेन का? मुलीच्या नोकरीला काही होईल का? बायकोने विचारलं, "टॉवेल कुठाय तुमचा?" मी म्हणालो, "असंल कुठंतरी." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी मुलगी परस्पर तेंजिनला आली. लांबूनच कंदील दिसत होते. जिथे सकाळी नुसती फरशी होती तिथे छपराचा गाडा उभा होता, वाफ वर चढत होती, कापडी पडद्याखालून माणसांचे पाय दिसत होते. बायको थांबलीच. "अगं बया, हे सगळं एवढ्यात उगवलं का?"

बाकडं भरलेलं होतं. बाहेर चार-पाच जण रांगेत उभे होते. फक्त कडेच्या टोकाला एक जागा रिकामी होती आणि रांगेतलं कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. त्या जागेवर माझा टॉवेल होता. दुकानातून आणल्यासारखी त्याची चौकोनी घडी घातलेली, आणि घडीवर मधोमध तो काळा दगड.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "हा आपला टॉवेल आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. दगडाचंही.

"तुम्ही जागा धरलीत? फुकुओकात?"

"आईला बसून बघायचं होतं ना."

मुलगी काही बोलायच्या आत गाडेवाल्याचं आमच्याकडे लक्ष गेलं. माझ्याच वयाचा असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, ते बघून मला जरा धीर आला. हातातल्या चिमट्याने त्याने आधी टॉवेल दाखवला, मग आम्हाला, आणि म्हणाला, "तोत्तोतो?"

बायको मुलीच्या कानाशी लागली, "कोंबड्या बोलावतोय का काय?"

मुलगी हसत सुटली. हसत हसत तिने वाकून नमस्कार केला आणि तिच्या त्या म्हाताऱ्यांच्या बोलीत ठणकावून उत्तर दिलं, "तोत्तोतो!" आणि सगळं बाकडं हसलं. मग तिने सांगितलं की हा इकडच्या बोलीतला शब्द आहे. ही जागा धरलीये का, असं त्याने विचारलं आणि हो, धरलीये, असं तिने सांगितलं. प्रश्नाला आणि उत्तराला शब्द एकच, नुसता सूर वेगळा. निवासात जेवणाच्या टेबलावर आजीबाई एकमेकींना रोज हेच विचारतात.

गाडेवाला बराच वेळ बोलत होता, मुलगी आम्हाला सांगत होती. गाडा आणला तेव्हा फरशीवर हे दिसलं. आधी वाटलं कुणाचा तरी टॉवेल पडला. पण पडलेल्या टॉवेलावर दगड आपोआप चढत नाही. इथेही फुलांच्या दिवसांत लोक बागेत चटई टाकून जागा धरतात. तेव्हा कुणीतरी येणार, एवढं त्याला कळलं. गाडा लावताना त्याने टॉवेल उचलून बाकड्यावर ठेवला. आणि दगड? दगडही तुमचाच, म्हणून तोही ठेवला.

मी बायकोला म्हणालो, "बस."

ती बसली. टॉवेल मांडीवर घेतला, पदर सारखा केला. मुलगी रांगेतल्या लोकांची माफी मागत होती, मी बायकोच्या मागे उभा राहिलो. जागा एकच होती, ती मी तिच्यासाठी धरली होती, मला उभं राहण्यात आनंदच होता. पण तिने थोड्या वेळाने मान वळवली.

"खांबावानी का उभं ऱ्हायलाय?"

"तू खा. मी बरा आहे."

"तुमचा श्वास माझ्या मानंवर यायलाय. घास उतरंल का मला? बसा गुमान."

"जागा कुठाय?"

तिने शेजारच्या माणसाकडे बघितलं. टाय सैल केलेला, ऑफिसातून आलेला गृहस्थ होता. तिने त्याला हाताने खूण केली, जीपमध्ये चौथी बाई बसवताना करतात तशी, आणि मराठीतच म्हणाली, "सरका की भाऊ वाईच." तो सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला. त्या टोकापर्यंत सगळे सरकले आणि आम्ही तिघं बसलो. माझं अर्धं अंग बाकड्याबाहेर होतं. रांगेतल्या माणसांकडे बघून मला अपराधी वाटत होतं, पण ते आमच्याकडे बघून हसत होते.

रश्शात शिजवलेला मुळा आला, उकडलेलं अंडं आलं, काडीला लावलेलं कोंबडीचं भाजलेलं मटण आलं. बायकोने मुळ्याचा तुकडा तोडून तोंडात घातला आणि म्हणाली, "मुळा आपल्या निमगावच्या बाजारातला बरा. पण शिजवलाय झकास." नंतर ती खाण्याकडे कमी आणि समोर जास्त बघत होती. गाडेवाल्याने भांड्याचं झाकण उघडलं, वाफेतून सगळ्यांना मोठ्याने काहीतरी म्हटलं. ती म्हणाली, "झाला गण." तो चिमटा वाजवत बायाबापड्यांची मस्करी करायला लागला, तेव्हा म्हणाली, "आली गवळण." मग टायवाल्या गृहस्थाचं आणि त्याच्या मित्राचं शेवटच्या अंड्यावरून भांडण लागलं, तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं. "ही बतावणी. बघा, बघा!" मी बघत होतो, पण तिच्याकडे.

खाऊन झाल्यावर ती उठली आणि सवयीने आमच्या तिघांच्या, शिवाय त्या गृहस्थाच्याही बशा एकावर एक रचायला लागली. गाडेवाल्याने दोन्ही हात हलवले.

"आई, बस. इथे आपण पावणे आहोत," मुलगी म्हणाली.

ती बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवरच्या टॉवेलावर ठेवले.

निघताना मी दगड कठड्यात जिथला तिथे ठेवला. दोनदा बघून घेतलं, तोच खड्डा आहे ना.

या चैत्रात मी नेहमीप्रमाणे नारायणगावला जाऊन तमाशा ठरवून आलो. यात्रेच्या दिवशी सकाळी बायकोने मला चुलीपाशी बोलावलं. "रस्सा झालाय. भाकरी बचत गटातल्या बायांकडनं येत्याल, त्यांना सांगून ठिवलंय. वाढायचं तुमी."

"मी? कमिटीचा माणूस..."

"कमिटीच्या माणसाला हात न्हाईत का?"

दुपारी खुंटीवर टॉवेल दिसला नाही. संध्याकाळी मी पावण्यांच्या पंगतीत वाकून वाढत होतो. आणे गावाहून आलेला एक पावणा म्हणाला, "काय राव, औंदा कमिटी सैपाकघरात?" सगळे हसले. तेवढ्यात धाकटा भाऊ मैदानावरून आला आणि दारातूनच ओरडला, "दादा, वहिनी पार पुढं बसलीये! दुपारी मी इचारलं, ही जागा कुणाची, तर मला कायतरी तोत्तो-तोत्तो म्हणाली. बरी हाय ना ती?"

"बरी आहे," मी म्हणालो. "जागा धरलीये म्हणाली."

पंगत उठली. मी ताटं गोळा करून मोरीत नेली आणि नळाखाली बसलो. मैदानावर ढोलकी सुरू झाली होती. हात राखेने भरलेले तसेच ठेवून मी कान दिला. गण चालला होता की गवळण, मला नुसतं ऐकून ओळखता आलं नाही.